दुखणे गुडघ्यात, बळ खुब्यात

शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीकाठी सापगाव लागते. या पट्ट्यात पेढीवर दिवसभर मांडी घालून बसलेले कित्येक वडीलधारे साठीनंतर गुडघेदुखीने शहापूरच्या मानस मंदिराचे दर्शनही सोडतात. ‘गुडघे झिजले, आता बसून राहा,’ असे घरचेच सांगतात. चूक येथेच होते.

चालताना एका पायावर भार येतो, तेव्हा खुब्याच्या बाहेरील स्नायू कंबर समतोल राखतात. ते दुबळे झाले की कंबर दुसऱ्या बाजूस खचते, किंवा माणूस भार असलेल्या पायाकडे धड झुकवून डुलत चालतो. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये खुब्याच्या विकारांत हे लक्षण वर्णिले. गुडघ्याच्या संधिवातातही हे स्नायू अनेकदा अशक्त आढळतात. बैठ्या विश्रांतीने ते अधिकच क्षीण होतात.

उपाय साधा आहे. कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवावा, सावकाश वीतभर उचलावा, क्षणभर थांबून खाली आणावा. असे दहा वेळा करून कूस बदलावी. झीज भरून येत नाही; परंतु नियमित व्यायामाने वेदना कमी होते, हालचाल सुधारते. गुडघ्याला सूज वा तीव्र वेदना असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे.

वडीलधाऱ्यांना नुसते बसवून ठेवू नये. रोज त्यांच्यासोबत चार पावले चालावे.