मुंज बटूची, कीं कपाटाची?

गेल्या वैशाखांत आमचे घरीं मुंज होती. पाहुण्यांचीं अंथरुणें-पांघरुणें ठेवावयास जागा हवी, म्हणून आम्हीं एका कारखान्यांत भिंतीच्या मापाबरहुकूम सागवानी कपाट करावयास सांगितलें. "लांकूड अजून ओलं आहे, दोन महिने थांबा," असें तेथील वृद्ध सुतार म्हणाले. मालकांनीं मात्र मुंजीपूर्वीं देण्याचें वचन दिलें, आणि आम्हांस तेंच गोड वाटलें. सारी रक्कमही आम्हीं आगाऊ मोजली!

कपाट वेळेवर आलें, पाहुण्यांनीं वाखाणलें. परंतु उन्हाच्या झळीनें महिनाभरांतच दारांतील फळ्या उभ्या तडकल्या. ओलें लांकूड वाळतांना लांबींत जवळजवळ आटत नाहीं. रुंदींत मात्र आटतें. म्हणून जाणता सुतार फळी चौकटीच्या खाचेंत सरसाविना मोकळी बसवितो. येथें घाईनें त्या पक्क्या चिकटविल्या होत्या. आटावयास वाव न मिळाल्यानें चिरल्या. मालक म्हणाले, "लांकडाचा स्वभावच तो!" आमच्याजवळ लेखी कांहींच नव्हतें.

आजींनीं दोष दिला तो आम्हांलाच : "मुंज बटूची होती, कीं कपाटाची?"

तेव्हां वाचकहो, घरांतील सामानाच्या लांकडांत ओलावा साधारणतः शेंकडा ८ ते १२ असावा. लहानशा विजेच्या यंत्रानें तो जागच्या जागीं मोजतां येतो, मोजून घ्या. लांकडाची जात, मापें, बिजागऱ्या, मुदत हें सारें कागदावर उतरवा, आणि थोडी रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत हातीं राखा. आणि सुतार "थांबा" म्हणाला, तर थांबा.