पाच हजारांसाठी तीन किलोमीटर
बुलडाण्याहून बारामतीला आलेल्या करे दांपत्याची कहाणी आणि उपचाराच्या उंबरठ्यावरचा खर्च

विशेष प्रतिनिधी

पहाटे सिंहगडाच्या पायवाटेवर किंवा साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात धावणारी जोडपी आता शहरी वाचकाला नवी नाहीत. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, २०१२ पासून साताऱ्याची डोंगरवाटेवरील अर्धमॅरेथॉन सुरू झाली आणि धावण्यासाठी प्रवास करणे, त्यासाठी आहार, झोप व सुट्ट्यांचे वेळापत्रक बदलणे ही एक जीवनशैलीच बनली. बुलडाणा जिल्ह्यातून बाहेर पडलेल्या एका वृद्ध दांपत्याच्या आयुष्यातही प्रवास होता, धावणे होते आणि बदलही होता. फरक इतकाच, की त्यांचा प्रवास पोटासाठी होता आणि धावणे औषधपाण्यासाठी.

लता भगवान करे आणि त्यांचे पती भगवान करे हे ते दांपत्य. डिसेंबर २०१३ मध्ये बारामतीत झालेल्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर शर्यतीत साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पतीच्या आजाराचे निदान होण्यासाठी एमआरआय तपासणी सांगण्यात आली होती. त्यासाठी सुमारे पाच हजार रुपये हवे होते आणि शर्यतीचे बक्षीसही पाच हजारांचेच होते.

विदर्भातून कालव्याच्या मुलखात

करे कुटुंब मूळचे बुलडाणा जिल्ह्यातील. अजिंठ्याच्या डोंगररांगांनी दुभंगलेल्या या जिल्ह्यातील शेती मुख्यत्वे पावसाच्या भरवशावरची. कापूस व सोयाबीनचा हंगाम आटोपला, की भूमिहीन मजुराच्या हाताला काम उरत नाही. याउलट बारामतीच्या परिसरात इंग्रजी अमदानीत आलेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे उसाची शेती रुजली, साखर कारखाने आले आणि मजुराला अधिक काळ काम मिळू लागले. विदर्भ-मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांप्रमाणे करे कुटुंबही या वाटेने बारामती तालुक्यातील पिंपळी येथे येऊन स्थिरावले. नवरा-बायको दोघेही मोलमजुरी करू लागले.

या स्थलांतराने रोजगार मिळाला, आर्थिक आधार मात्र मिळाला नाही. गावाकडे अडीअडचणीला हातउसने देणारे भाऊबंद असतात, ओळखीचा दुकानदार असतो. परमुलखात हे सारे नव्याने उभे करावे लागते. त्यात घरातील एक मिळवता माणूस अंथरुणाला खिळला, की मिळकत घटते आणि नेमका त्याच वेळी खर्च वाढतो.

एकतीस दिवसांची मजुरी

पाच हजार रुपये ही रक्कम शहरी वाचकाला फार मोठी वाटणार नाही. तिचे खरे वजन मजुरीच्या काट्यावरच कळते. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला १६२ रुपये होता. त्या हिशेबाने पाच हजार म्हणजे जवळजवळ एकतीस दिवसांची मजुरी, तीही पोटाला एक पैसा खर्च न करता. ज्येष्ठांच्या त्या शर्यतीत महिन्याभराची मजुरी काही मिनिटांत मिळणार होती. लताबाईंच्या निर्णयामागील व्यवहार हा असा सरळ होता.

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. गरिबांसाठी सरकारी योजना नव्हती काय? होती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ रोजी, म्हणजे शर्यतीच्या काही आठवडे आधी, तिचा विस्तार राज्यभर झाला. तीत ९७१ उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत संरक्षण होते. मात्र अशा योजनांचा भर मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर असतो. आजार कोणता हे ठरण्यापूर्वीच्या तपासण्या, बाहेरून आणायची औषधे, जाण्या-येण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा भार बहुधा घरावरच पडतो. योजनेचे दार उघडण्यापूर्वीचा हा उंबरठाच अनेकांना ओलांडता येत नाही.

देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा मोठी आहे, पण शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजूनही रुग्णाच्याच पदरचे होते. जीवनदायी योजनेला २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने तिचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. रक्कम वाढली, तरी निदानापूर्वीच्या खर्चाचा प्रश्न वेगळाच राहतो.

धावल्यानंतर

लताबाईंनी पुढील वर्षांतही बारामतीची शर्यत जिंकली. त्यांच्या जीवनावर तेलुगू भाषक दिग्दर्शक नवीन देशाबोइना यांनी ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट काढला. तो जानेवारी २०२० मध्ये प्रदर्शित झाला. त्यात लताबाईंनी स्वतःचीच भूमिका केली. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या अभिनयाचा विशेष उल्लेख झाला. या सन्मानासोबत प्रमाणपत्र असते, रोख रक्कम नसते.

त्यानंतर काही आठवड्यांतच, मे २०२१ मध्ये, ज्यांच्यासाठी त्या धावल्या त्या भगवान करे यांचे करोनाने निधन झाले.

या कहाणीचे कौतुक झाले ते जिद्दीचे आणि ते योग्यच होते. वर्षानुवर्षे शेताच्या बांधावर वावरलेल्या पायांना तीन किलोमीटर जड गेले नाहीत, हेही खरे. परंतु प्रत्येक गावात शर्यत भरत नाही, आणि भरली तरी पहिला क्रमांक एकालाच मिळतो. बाकीच्यांच्या तपासणीचे पाच हजार कोठून यावेत, हा प्रश्न नऊवारीतल्या त्या छायाचित्राइतकाच लक्षात राहायला हवा.