अणूची रचना आणि केळापूरचे पाणी

केळापूर तालुक्यात, विशेषतः पांढरकवड्याच्या आसपासच्या गावी, पिण्याच्या पाण्याविषयी बोलावयास बसले म्हणजे एक प्रश्न हमखास पुढे येतो : "पाण्यात फ्लोराइड आहे म्हणता ना? मग आम्ही पाणी उकळून पितो, त्यात काय बिघडले?" असे विचारणाऱ्यास अडाणी म्हणता येणार नाही. पाणी उकळून प्यावे, ही शिकवण गावोगावी आपणच दिली आहे, आणि पटकी व हगवण यांच्या बाबतीत ती आजही तितकीच खरी आहे. परंतु फ्लोराइडच्या बाबतीत उकळण्याने लाभ तर नाहीच, उलट थोडी हानीच होते. असे का, हे नुसते सांगून पटत नाही. त्यासाठी पदार्थ कशाचा बनलेला असतो, येथपासून आरंभ करावा लागतो.

या भागातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे, ही केवळ ऐकीव गोष्ट नव्हे. पांढरकवडा परिसरातील भूजलाच्या तपासणीवर आधारलेला लेख २००७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. एका लिटरात १ मिलिग्रॅम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. इतक्या अल्प प्रमाणाने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु त्या एका मिलिग्रॅममध्ये फ्लोराइडचे तीन लाख कोटी-कोटींहून अधिक अणू असतात.

आता अणू म्हणजे काय ते पाहू. शेतकऱ्याला मूलद्रव्यांची ओळख मुळीच नाही असे नाही. ती त्याच्या गोठ्याशेजारच्या खोलीतच ठेवलेली असतात. रासायनिक खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असे आकडे छापलेले असतात, ते नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे. नत्र म्हणजे नायट्रोजन हे मूलद्रव्य, स्फुरद हे फॉस्फरसचे नाव आणि पालाशात पोटॅशियम असते. (येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. पोत्यावरील २६ टक्के स्फुरद हे शुद्ध फॉस्फरस नव्हे, तर फॉस्फरस व ऑक्सिजन यांच्या संयुगाच्या रूपाने मोजलेले असते. ५० किलोच्या पोत्यात असे १३ किलो स्फुरद असले तरी त्यात फॉस्फरस मूलद्रव्य सुमारे पावणेसहा किलोच भरते.) ज्या पदार्थाचे रासायनिक रीतीने आणखी साधे पदार्थ करता येत नाहीत तो मूलद्रव्य होय. पाणी हे मूलद्रव्य नाही, कारण त्यातून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे काढता येतात. माती, शेण, कापूस, माणसाचे शरीर यांपैकी काहीही मूलद्रव्य नाही. ही सारी अनेक मूलद्रव्यांच्या संयोगाने झालेली आहेत. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत, आणि त्यांतील काही केवळ प्रयोगशाळेत निर्माण केलेली आहेत.

मूलद्रव्याचा, त्याचे गुणधर्म राखणारा, लहानात लहान कण म्हणजे अणू. हा कण अभंग असतो असे दीर्घ काळ मानले जात होते. १८९७ साली टॉमसन यांनी अणूतील ऋणभारित कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, दाखवून दिला. १९११ साली रुदरफोर्ड यांनी सिद्ध केले की अणूचे जवळजवळ सारे वजन त्याच्या मध्यभागी असलेल्या एका अतिसूक्ष्म केंद्रात साठलेले असते. या केंद्रात धनभारित प्रोटॉन असतात व बहुतेक अणूंत त्यांच्या जोडीस भाररहित न्यूट्रॉन असतात. केंद्राभोवतीच्या पोकळीत इलेक्ट्रॉनांचा संचार असतो. शेताच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवला आणि तो अणुकेंद्र मानला, तर अणूची कड पन्नास-शंभर पावलांवरील बांधाशी येईल; मधले सारे शेत रिकामेच. पाठ्यपुस्तकांत इलेक्ट्रॉन ग्रहांप्रमाणे आखीव वाटेने फिरताना दाखवितात. ते चित्र सोयीचे आहे, शब्दशः खरे नाही; परंतु आपल्या कामापुरते ते पुरे आहे.

अणू कोणत्या मूलद्रव्याचा, हे त्याच्या केंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. एक प्रोटॉन असल्यास हायड्रोजन, आठ असल्यास ऑक्सिजन, नऊ असल्यास फ्लोरीन, अकरा असल्यास सोडियम, वीस असल्यास कॅल्शियम. ही संख्या बदलल्याखेरीज एका मूलद्रव्याचे दुसरे होत नाही. अणूचे वर्तन मात्र बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते. इलेक्ट्रॉन थराथरांनी राहतात : पहिल्या थरात दोन, दुसऱ्यात आठ. बाहेरचा थर पूर्ण भरलेला असला म्हणजे अणू स्वस्थ असतो. अपुरा असला तर तो इलेक्ट्रॉन घेतो, देतो किंवा दुसऱ्या अणूशी भागीदारी करतो. मीठ, चुना, खत, साबण, रक्त, या सर्वांचे रसायन या देवघेवीतूनच निघाले आहे.

फ्लोरीनच्या नऊ इलेक्ट्रॉनांपैकी दोन आतल्या थरात व सात बाहेरच्या थरात असतात. आठास एकच कमी. शिवाय अणू लहान असल्यामुळे केंद्राची ओढ बाहेरच्या थरापर्यंत जोराने पोचते. त्यामुळे दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात फ्लोरीनची बरोबरी करील असे मूलद्रव्य नाही. या हव्यासामुळेच ते निसर्गात मोकळे जवळपास सापडतच नाही. ते वेगळे करण्याच्या प्रयत्नांत अनेक रसायनशास्त्रज्ञांना इजा झाली, काहींचे प्राणही गेले. शेवटी १८८६ साली फ्रान्समधील हेन्री मोआसाँ यांना यश आले व १९०६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या हातपंपाच्या पाण्यात हा जहाल वायू नसतो. तेथे एक इलेक्ट्रॉन आधीच मिळवून शांत झालेला, एक ऋणभार धारण केलेला फ्लोरीनचा अणू असतो. त्यालाच फ्लोराइड म्हणतात. त्याला रंग, वास व रुची नसते, म्हणून जिभेवर भरवसा ठेवून चालत नाही.

उकळण्याने काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोगजंतू हा सजीव असून त्याचे शरीर म्हणजे असंख्य अणूंची नाजूक गुंफण होय. उकळत्या पाण्याच्या उष्णतेने ती गुंफण मोडते व जंतू मरतो. फ्लोराइड हा मुळात एकटा अणू आहे; त्यात मोडण्याजोगे काही नाहीच. त्याचे केंद्र फोडावयाचे तर चुलीच्या उष्णतेच्या कोट्यवधी पट ऊर्जा लागेल. उकळताना पाणी वाफ होऊन निघून जाते, फ्लोराइड मात्र भांड्यातच राहते. लिटरास २ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले १० लिटर पाणी घेतले तर त्यात एकूण २० मिलिग्रॅम फ्लोराइड असते. ते आटून ८ लिटर उरले की तेच २० मिलिग्रॅम ८ लिटरांत येतात, म्हणजे लिटरास अडीच मिलिग्रॅम झाले.

कापडाच्या गाळणीचेही तेच. विरघळलेला अणू धाग्यांमधून सहज निघून जातो. ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन हे फ्लोरीनच्याच कुळातले, त्याच्याही बाहेरच्या थरात सातच इलेक्ट्रॉन. परंतु इलेक्ट्रॉन ओढण्यात ते फ्लोरीनपेक्षा दुबळे असल्याने त्याचे फ्लोराइडपुढे काही चालत नाही. जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर अवश्य वापरावी, पण तिने फ्लोराइड गेले असे समजू नये.

खडक, चुनखडी आणि दात

हे फ्लोराइड येते कोठून? कारखान्यांतून नव्हे, तर पायाखालच्या खडकातून. अॅपेटाइट व अभ्रक यांसारख्या खनिजांत फ्लोरीन बांधलेले असते आणि खडकात दीर्घकाळ मुरलेले पाणी ते हळूहळू सोडवून घेते. खोल विंधन विहिरीच्या पाण्याचा खडकाशी सहवास अधिक, म्हणून तेथे धोकाही बहुधा अधिक. येथे कॅल्शियमचा संबंध येतो. कॅल्शियमच्या बाहेरच्या थरात दोन इलेक्ट्रॉन असतात व ते देण्यास तो तत्पर असतो. देणारा कॅल्शियम आणि घेणारा फ्लोरीन यांची जोडी अतिशय घट्ट जमते व ती पाण्यात फारशी विरघळत नाही. म्हणून पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइडला फार वाढता येत नाही. परंतु काळ्या जमिनीत व खालच्या मुरमात कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, पाण्यात सोडियम उरतो आणि फ्लोराइडला अडविणारे कोणी राहत नाही. नांगरताना फाळाला लागणारे पांढरे खडे म्हणजे पाण्यातून निघून गेलेला हाच कॅल्शियम. (असे सोडियमयुक्त पाणी ओलितासही चांगले नाही, त्याने काळी जमीन चोपण होते. तेथे जिप्सम देतात, तेही मातीला कॅल्शियम मिळावा म्हणूनच.)

कॅल्शियमची ही ओढच शरीरात घातक ठरते. हाडे व दात हे कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या संयुगाचे बनलेले असतात. फ्लोराइड रक्तात आले की त्यातील बराचसा भाग तेथेच जाऊन बसतो. अत्यल्प प्रमाणात त्याने दात टणक होतात, हेही खरे आहे. म्हणून फ्लोराइड म्हणजे निव्वळ विष असे मुलांना शिकवू नये. प्रमाण वाढले म्हणजे मात्र दातांचे बाह्य आवरण नीट घडत नाही. हे आवरण घडण्याचा काळ जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंतचा. त्या काळात दूषित पाणी पोटात गेले तर पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग किंवा पिवळे-तपकिरी आडवे पट्टे उमटतात व ते जन्मभर जात नाहीत. ते घासून निघत नाहीत. त्यापायी मुलाला दात घासत नाही म्हणून बोल लावणे अन्यायाचे आहे. तंबाखू व खर्‍याचे डाग मोठेपणी बाहेरून बसतात, हे डाग दाताबरोबरच उगवतात.

पुढे वर्षानुवर्षे असेच पाणी पोटात गेल्यास मान, कंबर व सांधे आखडतात. हनुवटी छातीला लागते का, गुडघे न वाकविता पायाची बोटे धरता येतात का, दोन्ही हात मानेमागे नेता येतात का, एवढे ग्रामकार्यकर्त्यास पाहता येईल. मात्र अशी तक्रार इतर कारणांनीही होते, म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवावे. गुरांनाही याची बाधा होते. दात लवकर झिजलेले व लंगडणारे जनावर दिसले तर पाण्याचीही चौकशी करावी.

गावात काय करता येईल

पहिले काम तपासणीचे. शेजारशेजारच्या दोन विंधन विहिरींच्या पाण्यात मोठा फरक असू शकतो, म्हणून गावासाठी एकच नमुना घेऊन भागत नाही. जेथे सारे पोड एकाच हातपंपावर अवलंबून असते तेथील नमुना सर्वांत आधी घ्यावा. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा. फ्लोराइडचे काचेतील सिलिकॉनशी सख्य असल्याने काचेची बाटली टाळतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाल्यापासून गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. फ्लोराइडच्या अशा तपासणीत झिर्कोनियम या मूलद्रव्याशी बांधलेला तांबडा रंग वापरला जातो. फ्लोराइड त्या रंगाकडून झिर्कोनियम हिरावून घेते व तांबडा रंग पिवळा होत जातो. शाळेच्या मुलांसमोर ही चाचणी केली तर वरील सारा पाठ त्यांना डोळ्यांनी पाहता येईल.

प्रमाण अधिक आढळल्यास तो हातपंप धुण्या-आंघोळीसाठी चालू ठेवण्यास हरकत नाही. कातडीतून फ्लोराइड म्हणण्यासारखे शिरत नाही. पिण्यास व स्वयंपाकास मात्र ते पाणी घेऊ नये. भात-वरण शिजताना पाणी अन्नातच मुरते, हे पुष्कळ घरी ध्यानात येत नाही. कमी फ्लोराइडची उथळ विहीर असेल तर ती उपसून, स्वच्छ करून, क्लोरीन टाकून वापरणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते, म्हणून शाळेच्या छपराचे पाणी टाकीत साठविणेही उपयुक्त.

आहारात दूध, तीळ, तरोट्याची व शेवग्याची भाजी असावी. त्यातील कॅल्शियम फ्लोराइडला आतड्यातच धरून ठेवतो. चिंचेच्या सेवनाने लघवीवाटे अधिक फ्लोराइड बाहेर पडते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांना आढळले (२००२). हे पूरक उपाय आहेत, चांगल्या पाण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

दुसरा स्रोत नसेल तर पाण्यातून फ्लोराइड काढावे लागते. हैदराबादेपलीकडील नळगोंडा जिल्ह्यावरून नाव पडलेली पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात पुढे आणली. तीत पाण्यात चुना, तुरटी व ब्लीचिंग पावडर घालून ढवळतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचे पुंजके तयार होतात, फ्लोराइड त्यांना चिकटते व तासाभरात गाळ तळाशी बसतो. वरचे पाणी अलगद काढून घेतात. गढूळ पाण्यात तुरटीचा खडा दोनदा फिरविण्याची आपली रीत यासाठी पुरत नाही. तुरटीचे प्रमाण पाण्यातील फ्लोराइड व अल्कता यांवरून ठरते. ते अंदाजाने घेऊ नये, प्रयोगशाळेच्या आकड्यांवरूनच ठरवून घ्यावे.

तळाशी बसलेल्या गाळात पाण्यातून काढलेले सारे फ्लोराइड असते. तो हातपंपाच्या ओट्याजवळ, विहिरीच्या काठी किंवा गुरांच्या हाळाजवळ ओतू नये. पाण्यापासून दूर, पावसाचे पाणी शिरणार नाही अशा खड्ड्यात टाकून वरून माती लोटावी.