न वाचता केलेली सही

बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षे गेली. या काळात एकही व्हाउचर न वाचता सही केले नाही, असे मी अभिमानाने सांगत असे. रोखपालाने घाई केली, ग्राहक खोळंबला, तरी आकडा, अक्षरी रक्कम आणि तारीख तपासल्याशिवाय लेखणी कागदाला लागत नसे. परंतु आयुष्यात एक सही मी न वाचता केली. तिची किंमत बँकेला नव्हे, माझ्या मुलीला मोजावी लागली. पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील संवादाविषयी लिहिताना मला तेथूनच आरंभ करावा लागेल.

मुलगी तेव्हा पाचवीत होती आणि माझी बदली परगावच्या शाखेत झाली होती. शनिवारी रात्री कोल्हापुरास यावे, रविवारी घरची कामे उरकावीत आणि सोमवारी पहाटे एसटी गाठावी, असा क्रम होता. शनिवारी रात्री मुलगी शाळेची डायरी पुढे करी. आठवड्याच्या पानावर पालकांच्या सहीसाठी एक रकाना असे. मी तेथे सही करीत असे. त्या वर्षी तिचे गणिताचे गुण उतरत गेले. रीत बरोबर, उत्तर चूक. 7 चा 1 होई, 3 चा 8 होई. मी तिला निष्काळजी म्हटले. ‘व्यापाऱ्याच्या घराण्यातली मुलगी आणि साधे आकडे नीट उतरवता येत नाहीत?’ असेही एकदा बोलून गेलो. ती गप्प राहिली.

मार्चमध्ये मी रजा काढून, काहीशा रागाने, शाळेत गेलो. ‘इतके गुण कमी होत असता आम्हांस कळवले का नाही?’ हा माझा प्रश्न होता. वर्गशिक्षिका बाईंनी शांतपणे डायरी मागवली आणि ऑगस्टचे एक पान उघडले. त्यावर त्यांच्या अक्षरात दोन ओळी होत्या : फळ्यावरील आकडे उतरवून घेताना चुका होतात; डोळे तपासून घ्यावेत व एकदा भेटून जावे. खाली माझी सही होती, स्पष्ट आणि तारखेसह.

बाई म्हणाल्या, ‘सही पाहिली, तेव्हा वाटले की तुम्ही दाखवून आणले असेल.’

घरी येऊन मुलीला विचारले, ‘तुला दिसत नव्हते, तर सांगितले का नाहीस?’ तिचे उत्तर मी आजवर विसरलेलो नाही. ‘मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं.’

चष्मा लागला आणि आकडे जागेवर आले. परंतु ‘मला गणित येत नाही’ ही समजूत चष्म्याने गेली नाही. दहावीनंतर तिने गणिताची वाट घेतलीच नाही. आज ती आपल्या संसारात आणि कामात सुखी आहे. तरीही ते सात महिने आम्ही तिघांनी मिळून गमावले, हे खरे.

दोन वह्या, एक खाते

या प्रसंगात दोषी कोण? बाईंनी कळवले होते. मी सही केली होती. मुलगी प्रामाणिक होती. तिघेही आपापल्या जागी बरोबर होतो आणि तरीही हिशेब चुकला होता.

व्यापारी वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दुकानाच्या रोखवहीतील बँक शिल्लक आणि पासबुकातील शिल्लक पुष्कळदा जुळत नाही. दोन्ही वह्या प्रामाणिकपणे लिहिलेल्या असतात. दिलेला धनादेश अजून वटलेला नसतो, बँकेने आकारलेले कमिशन दुकानाला ठाऊक नसते. एका बाजूची नोंद दुसऱ्या बाजूला पोहोचलेली नसते, एवढेच. म्हणून आपण जुळवणी पत्रक करतो. कोणी चोर आहे, असे मानून ते केले जात नाही. दोन प्रामाणिक वह्यांतही अंतर पडते, हे ठाऊक असल्यामुळे ते केले जाते.

मुलाचे खाते असेच दोन वह्यांत लिहिले जाते. वर्गात ते कोणाजवळ बसते, कोणत्या प्रश्नाला मान खाली घालते, मधल्या सुट्टीत एकटे असते का, हे शाळेच्या वहीत असते. आजोबांचे आजारपण, दुकानातील तंगी, रात्रीची अपुरी झोप, धाकट्या भावंडाचा जन्म, हे घराच्या वहीत असते. आपण वर्षातून दोनदा प्रगतिपत्रक पाहतो, म्हणजे केवळ शेवटची शिल्लक पाहतो. मधल्या नोंदी कोणी ताडून पाहत नाही. अनेकांतवाद आपण प्रवचनात ऐकतो. एका वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका दृष्टीने संपूर्ण सत्य कळत नाही, हे आपल्याला मान्य असते. पण आपल्याच मुलाच्या बाबतीत ‘घरी तर तो असा मुळीच नाही’ असे म्हणून आपण शिक्षकांची बाजू मिटवून टाकतो. तो घरी तसा नसेलही. वर्गात मात्र तसा असू शकतो.

श्रोत्याची वाट पाहणारी वाणी

दिगंबर परंपरा सांगते की, भगवान महावीरांना केवलज्ञान झाले, समवशरण रचले गेले, तरी 66 दिवस दिव्यध्वनी खिरली नाही. ती धारण करण्यास योग्य असा गणधर तेथे नव्हता. इंद्रभूती गौतम आले. ते विद्वान होते आणि मनात शंका घेऊन आले होते. त्यानंतर राजगृहाच्या विपुलाचलावर वाणी प्रकटली. तो दिवस आपण वीरशासन जयंती म्हणून साजरा करतो. प्रत्यक्ष सर्वज्ञांच्या वाणीलाही श्रोता लागला, तर तिसरीच्या वर्गातील बालकाला तो का लागू नये? मूल बोलत नाही, अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावे, की त्याचे ऐकायला कोणी बसले आहे काय?

समवशरणात प्रत्येक जीवाला ती वाणी आपापल्या भाषेत समजत असे. आपल्या पुराणांची रचनाही प्रश्नोत्तरांची आहे. राजा श्रेणिक विचारतो आणि गौतम गणधर उत्तर देतात. राजाने प्रश्न विचारला म्हणून त्याचे लहानपण दिसले, असे कोणी मानले नाही. आपल्या वर्गात मात्र हात वर करणाऱ्या मुलाला हसे होण्याची भीती वाटते, आणि घरी ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ हा नियम असतो. मग मूल दोन्हीकडे गप्प राहते. भाषा समितीत हित, मित आणि प्रिय बोलण्याचा उपदेश आहे. त्याचा पहिला अधिकारी मुनी असला, तरी तो प्रगतिपत्रक हातात घेतलेल्या वडिलांनाही लागू पडतो.

कोल्हापूरची परंपरा

हा विचार कोल्हापुराला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलास शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा 1 रुपया दंड ठेवला होता. शिक्षणाची जबाबदारी केवळ मास्तरांची नाही, ती पालकाचीही आहे, हे त्या दंडाने गावोगाव पोहोचवले. आज मूल शाळेत जाते. शाळेपर्यंत जात नाही तो पालक.

खेड्यातून आलेल्या मुलांसाठी 1901 साली येथे दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. शिकायला आलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांचेही वास्तव्य याच बोर्डिंगात होते. पुढे 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवून शिकवले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. मुलगा आज का जेवला नाही आणि आज का शिकला नाही, हे दोन प्रश्न त्या घरात वेगळे नव्हते. 1934 साली बाहुबली येथे पूज्य समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या गुरुकुलातही गुरू आणि पालक यांत अंतर नव्हते. आपल्या मुलांची शाळा आणि घर आता वेगळी आहेत. म्हणून जे तेथे आपोआप घडे, ते आपल्याला प्रयत्नाने घडवावे लागते.

अगदी अलीकडचे उदाहरण लीलाताई पाटील यांचे आहे. ना. सी. फडके यांच्या या कन्येने शासकीय सेवेत शिक्षकांना घडविण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर 1985 साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय ही मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. मुलांनी अनुभवातून शिकावे, मोकळेपणाने बोलावे आणि लिहावे, हा तेथील आग्रह होता. मुलांच्या लेखनातून शिक्षकाने आपले शिकवणे तपासावे, ही त्यांची दृष्टी होती. मुलाची चूक ही शिक्षकासाठी माहिती असते. माझ्या मुलीच्या बाईंनी नेमके हेच केले होते. चुकलेल्या आकड्यांत त्यांनी तिचे डोळे वाचले. मी फक्त गुण वाचले.

कायदा काय सांगतो

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 24 नुसार पालकांच्या नियमित भेटी घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे, हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली आहे. कलम 29 मध्ये मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणी मांडता यावे, असे म्हटले आहे. शासकीय व अनुदानित शाळांतील शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, अशी कलम 21 ची तरतूद आहे. कायद्याने दार उघडून ठेवले आहे. आत जायचे की नाही, हे आपण ठरवायचे.

आपल्या घरात काय करता येईल

आपल्या व्यापारी कुटुंबांची अडचण मी जाणतो. लक्ष्मीपुरी असो वा गुजरी, शाळेची पालक सभा आणि दुकानाची गिऱ्हाइकी यांची वेळ बहुधा एकच येते. सभेला आई एकटी जाते आणि निर्णय मात्र वडील घेतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आपल्याला बोलता येणार नाही, या संकोचाने अनेक माता मागच्या बाकावर बसून परततात. व्हॉट्सॲपच्या गटावर दिवसभर सूचना येतात. पण सूचना म्हणजे संवाद नव्हे. तेथे एखाद्या मुलाविषयी वा शिक्षकाविषयी चारचौघांत तक्रार लिहिणे, हे तर भाषा समितीच्या विरुद्धच आहे.

अनुभवाने सुचलेल्या काही गोष्टी मांडतो.

पहिली, वर्षातून किमान दोनदा आई-वडिलांनी मिळून शिक्षकांना भेटावे, आणि त्यातील एक भेट काहीही तक्रार नसताना असावी. सभेच्या दिवशी जमत नसेल, तर आधी विचारून दुसरी वेळ मागून घ्यावी. मालाच्या खरेदीसाठी आपण वेळ काढतोच.

दुसरी, शिक्षकांना ‘गुण किती?’ याऐवजी ‘तो वर्गात कसा असतो? तो प्रश्न विचारतो का? आम्ही घरी काय करावे?’ असे विचारावे. मातृभाषेत बोलण्यास मुळीच लाजू नये. शिक्षकांना मुलाची काळजी कळते, व्याकरण नव्हे.

तिसरी, घरातील मोठा बदल शिक्षकांच्या कानावर घालावा. चार ओळींची चिठ्ठी पुरे.

चौथी, सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या घरांत दिवसाची एक वेळ आधीच ठरलेली असते. त्या वेळी किंवा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी पंधरा मिनिटे मोबाइल दूर ठेवून मुलाचे ऐकावे. ‘आज काय शिकवले?’ याला मुले ‘काही नाही’ म्हणतात. ‘आज तू काय विचारलेस? आज काय समजले नाही?’ असे विचारून पाहावे. ‘समजले नाही’ या उत्तरावर रागावू नये, नाही तर ते उत्तर पुन्हा मिळणार नाही.

पाचवी शिक्षक बंधू-भगिनींसाठी नम्र विनंती आहे. पालकाची सही ही पोच आहे, समज नव्हे. महत्त्वाची गोष्ट लिहिल्यानंतर आठवडाभरात उत्तर आले नाही, तर एक फोन करावा. आणि कधी तरी चांगली गोष्टही कळवावी. शाळेतून निरोप आला म्हणजे काही तरी बिघडले, ही धास्ती त्यामुळे जाईल.

सहावी, सभेत जे ठरले ते मुलाला सांगावे, किंवा त्यालाच सोबत बसवावे. ज्याच्या खात्याची चर्चा चालली आहे, त्यालाच बाहेर उभे करणे योग्य नव्हे.

शेवटी

दशलक्षण पर्व संपले की आपण क्षमावणी करतो. नातेवाईक, व्यापारी, शेजारी, सर्वांना क्षमा मागतो. बँकेत असताना मी अनेक पत्रे पाठवीत असे. त्या यादीत मुलीच्या बाईंचे नाव कधी नव्हते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या क्षमावणीला मी त्यांच्या घरी गेलो. बाई थकल्या होत्या. पण प्रसंग त्यांना आठवत होता. मी क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘चूक माझीही होती. एकदा घरी निरोप पाठवायला हवा होता.’ त्याच संध्याकाळी मी मुलीला फोन केला आणि तिचीही क्षमा मागितली. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा, मी मुलाची डायरी रोज वाचते. सही नंतर करते.’

जय जिनेंद्र.