पाढ्याची भाषा आणि चिंचोक्यांची मांडणी

‘तीन चोक बारा’ हे वाक्य मराठी मुलाच्या तोंडी बसते ते बहुधा गुणाकाराची कल्पना त्याच्या मनात येण्यापूर्वीच. त्याचा अर्थ मात्र वाटतो तितका सरळ नाही. ‘चोक’ हे रूप संस्कृत ‘चतुष्क’पासून आले आहे, ‘सक’ हे ‘षट्क’पासून, ‘त्रिक’ तर तत्समच होय. हे सर्व समूहवाचक शब्द. तेव्हा व्युत्पत्तीप्रमाणे ‘तीन चोक’ म्हणजे चार-चारांचे तीन गट. परंतु तिनाचा पाढा समजावून देताना तीन, सहा, नऊ, बारा अशी तिनातिनाची भर घालतात. म्हणजे गट चार होतात. त्याच पाढ्यातील ‘दुणे’ हे रूप मात्र ‘द्विगुण’पासून आलेले, म्हणून ‘तीन दुणे’ म्हणजे तिनाची दुप्पट. मुलाला व्युत्पत्ती ठाऊक नसते हे खरे. पण ‘तीन चोक’ आणि ‘चार त्रिक’ यांत ‘बारा’खेरीज एकही समान शब्द त्याच्या कानी पडत नाही. ही दोन विधाने एकाच वस्तुस्थितीची आहेत, हे त्याने ओळखावे कसे?

येथे मांडणी उपयोगी पडते. १२ चिंचोके चार-चारांच्या तीन आडव्या ओळींत मांडावे. उभ्या रांगा एकेक वाढवीत गेले की तिनाचा पाढा तयार होतो, आडव्या ओळी वाढविल्या की चाराचा. आणि १२ वर दोन्ही पाढे एकाच आयतात येऊन मिळतात.

भागाकारात तर हिची गरज अधिक. १२ चिंचोके तिघांना वाटल्यास प्रत्येकी किती, आणि प्रत्येकी तीन दिल्यास किती जणांना पुरतील, हे दोन भिन्न प्रश्न ‘भागणे’ या एकाच क्रियापदाखाली दडलेले आहेत. पहिल्यात ओळींची संख्या ठाऊक असते, दुसऱ्यात ओळीची लांबी. पाढा उलटा म्हणून हा भेद कळत नाही. शिवाय १४ ही संख्या तिनाच्या किंवा चाराच्या पाढ्यात येतच नाही; चार-चारांच्या ओळी लावल्या, की चौथ्या ओळीत दोनच चिंचोके उरतात आणि ‘बाकी’ डोळ्यांना दिसते.

साताच्या पाढ्यातील छप्पन विसरले, तर आठाच्या ७ ओळींत पाचवीखाली दोरा आडवा ठेवावा: ४० आणि १६. पावकी-दीडकीपाशी मात्र चिंचोके थांबतात, कारण बीज अर्धे मोडून मांडण्यात अर्थ नाही. तेथे चौकटींच्या वहीतील आयतच घ्यावा लागतो.