झडती अडवू नका, कायद्याप्रमाणे करून घ्या

शेतकरी बंधूंनो, आपल्या धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात गांजाची शेती पोलिसांनी उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या वेळोवेळी येतात. पिंपळनेर भाग गुजरातच्या हद्दीजवळ असल्याने रस्त्यावर गाडी अडवून तपासणी होणे इथे नवीन नाही. अशा वेळी निर्दोष माणूसही घाबरून नको त्या कागदावर सही करतो, नाहीतर पोलिसांशी हुज्जत घालतो. दोन्ही गोष्टी अंगाशी येतात.

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा (एनडीपीएस) फार कडक आहे. गांजाचे झाड लावले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जवळ वीस किलोपेक्षा जास्त गांजा सापडला तर ती व्यापारी मात्रा ठरते. मग शिक्षा दहा ते वीस वर्षे, आणि जामीनही सहज मिळत नाही. शिक्षा एवढी मोठी आहे म्हणूनच झडती घेणाऱ्यावरही कायद्याने तेवढीच बंधने घातली आहेत. ती बंधने शेतकऱ्याला आणि गावच्या कारभाऱ्यांना माहीत हवीत.

अंगझडती

अंगाची झडती घेण्याआधी अधिकाऱ्याने सांगितले पाहिजे की, ‘जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.’ हे कलम ५० आहे. नुसते ‘झडती देता का?’ विचारून भागत नाही. हक्क स्पष्ट सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली गुजरातमधील एका खटल्यात ठरवले. चौघांना पकडले तर चौघांना वेगवेगळे सांगावे लागते. बाईमाणसाची झडती फक्त स्त्रीच घेऊ शकते. माल नाहीसा होण्याची भीती असेल तर अधिकारी जागेवर झडती घेऊ शकतो. पण त्याची कारणे लिहून ७२ तासांत वरिष्ठाला पाठवावी लागतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. हा नियम अंगझडतीचा आहे. हातातली पिशवी किंवा गाडीतले पोते म्हणजे अंग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे.

घर आणि गाडी

घर, गोठा, खासगी वाहन यांच्या झडतीला कलम ४२ लागते. झडती घेणारा शिपाई दर्जाच्या वरचा, अधिकार दिलेला अधिकारी असावा लागतो. मिळालेली खबर आधी लिहून काढून तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे गेली पाहिजे. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय आत यायचे तर त्याची कारणे लिहावी लागतात.

समजा, कांदा भरलेली तुमची पिकअप चरणमाळ घाटातून नवापूरकडे निघाली आणि वाटेत अडवली. रस्ता सार्वजनिक असला तरी गाडी खासगी आहे. हरियाणातील अशाच एका खासगी जीपच्या खटल्यात कलम ४२ अजिबात पाळले नव्हते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली आरोपींना सोडले. एस.टी. बस, हॉटेल, दुकान यांना मात्र सार्वजनिक जागेचे कलम ४३ लागते.

१ जुलै २०२४ पासून नवा फौजदारी प्रक्रिया कायदा लागू झाला. त्यानुसार झडती आणि जप्तीचे मोबाईलसारख्या साधनाने चित्रीकरण करायचे असते. ‘साहेब, शूटिंग चालू आहे ना?’ असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

शेतातले झाड

आपल्याकडे बांधावर अंबाडी लावतात. तिचे पान लांबून गांजासारखे दिसते. जवळ जाऊन पाहा. गांजाच्या पानाला देठापासून सुटी झालेली, करवतीसारख्या कडांची अरुंद पाती असतात आणि झाडाला उग्र वास येतो. अंबाडीला पिवळसर, आत गडद लाल ठिपका असलेले मोठे फूल येते. गांजाला असे फूल येत नाही. पंच म्हणून उभे राहणाऱ्याला एवढा फरक कळलाच पाहिजे.

कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली नुसती पाने आणि बी त्यात येत नाही. म्हणून ओले झाड मुळासकट तोलले की शेंडे तोलले, हे पंचनाम्यात आलेच पाहिजे. उत्तर प्रदेशातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली म्हटले की, बी मातीत पडून झाड आपोआपही उगवू शकते. आरोपीने लागवड केली हे सिद्ध झाले पाहिजे.

पण म्हणून गप्प बसू नका. आपल्या जमिनीत कोणी चोरून लागवड केली असेल तर ताबडतोब कळवणे कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाचे कर्तव्य आहे. कलम ४७ तर सरपंच, पंच, गावकामगार आणि प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याला लागू आहे. त्यात तलाठी, पोलीस पाटील, ग्रामसेवक आले आणि आम्ही कृषी खात्याचे लोकही आलो. माहीत असून कळवले नाही तर शिक्षा आहे. खबर लेखी द्या आणि पोच घ्या.

पंचांनो, तुमच्यासाठी

बऱ्याच वेळा तलाठी किंवा गावातला चारचौघांत वजन असलेला माणूस पंच म्हणून बोलावला जातो. ‘साहेबांनी सांगितलं, सही केली’ असे पुढे कोर्टात सांगायची वेळ आली तर खटला तिथेच ढिला पडतो. खरा गुन्हेगार सुटतो, नाहीतर खोट्या पंचनाम्यावर गरीब अडकतो. कोऱ्या कागदावर सही करू नका. माल आपल्यासमोर निघाला का, वजन आपल्यासमोर झाले का, मोहर आपल्यासमोर लागली का, हे पाहून आणि वाचूनच सही करा. जप्तीच्या यादीची प्रत घरधन्याला मिळाली का तेही पाहा.

वाजवी संशय नसताना मुद्दाम त्रास देण्यासाठी झडती घेतली तर कलम ५८ प्रमाणे अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भावबंदकीच्या रागातून खोटी खबर देऊन कोणाला झडतीत किंवा अटकेत अडकवणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बांधाच्या भांडणात असले हत्यार कोणी उपसू नये.

अटक झालीच तर कारण विचारा, घरच्यांना कळवा. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे लागते. झडतीत काही नियमाबाहेर घडले असेल तर ते तिथेच पहिल्या दिवशी सांगा. वकील करायची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केल्यास पात्र व्यक्तीला मोफत वकील मिळतो.