साजगावची धाकटी पंढरी
खोपोलीजवळच्या साजगावच्या विठ्ठल मंदिराला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. कार्तिक वद्य एकादशीला, म्हणजे आळंदीच्या वारीच्याच दिवशी, इथली यात्रा सुरू होते. तुकाराम महाराज व्यापारासाठी घाट उतरून इथे येत, अशी श्रद्धा आहे. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, म्हणून देवाचं लाडकं नाव ‘बोंबल्या विठोबा’!

कार्तिकात पहाटे काकडआरतीने देवाला उठवतात. खरी जाग येते ती आपल्याला, आजूबाजूच्या माणसांकडे बघण्याची. आज हाताहातात मोबाईल आहेत, पण शेजाऱ्याची विचारपूस राहून जाते. वारकरी मात्र भेटताच एकमेकांच्या पाया पडतात, लहानथोर न बघता. अध्यात्माला अशी सोबत लागतेच. यंदा घरच्यांना, शेजाऱ्यांना घेऊन साजगावच्या यात्रेला नक्की या. रामकृष्णहरी! 🙏

#साजगाव #धाकटीपंढरी